जिन्यात अडकलेला नाताळ

स्टुटगार्ट,
27 डिसेंबर 2024

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई विचारत होती, "जिन्यात झाड अडकलं म्हणजे नेमकं काय झालं गं?" आणि तेवढ्यात पिल्लूनं फोन पळवला. म्हणून आता सविस्तर लिहिते. बाबांनी मोठ्यानं वाचावं. आईचा चष्मा अजून दुरुस्तीलाच पडला असणार, हे मला इथे बसून दिसतंय.

आधी माणसं सांगते. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. दगडी पायऱ्या, लोखंडी कठडा, आणि वळणावर दोघं समोरासमोर आले तर एकानं अंग चोरायचं. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर आजीबाई, चौथ्यावर हॅम्बुर्गकर. हे आडनाव मी ठेवलेलं. हॅम्बुर्गहून आले म्हणून हॅम्बुर्गकर. अकरा वर्षांपूर्वी आले, पण आजीबाईंच्या लेखी अजून काल आलेले.

भांडणाचं मूळ केरवोखे. आई, नावातच केर आहे बघ! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसत सुटले होते. इथल्या मूळच्या लोकांना श्वाबी म्हणतात, त्यांची ही प्रथा. एकेका घरानं पाळीपाळीनं आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. 1492 मध्ये, म्हणजे कोलंबस निघाला त्याच साली, इथल्या शहरानं फर्मान काढलं होतं की प्रत्येकानं आपली घाण दर आठवड्याला शहराबाहेर नेऊन टाकावी. ही त्याचीच नात म्हणे. महापालिकेनं 1988 मध्ये सक्ती उठवली, पण भाडेकरारात ती अजून ठाण मांडून आहे आणि आजीबाईंच्या अंगात तर आहेच. हॅम्बुर्गकरांचं म्हणणं, पायरीवर केर नसेल तर झाडायचं काय? आजीबाईंचं म्हणणं, केर दिसेपर्यंत थांबतो तो माणूस कसला? दोघंही बोलत नाहीत, चिठ्ठ्या चिकटवतात. 'पायपुसणं चार सेंटिमीटर पुढे आलं आहे.' 'दुपारी एक ते तीन शांतता पाळावी, यात झाडूचा आवाजही आला.' खाली 'सस्नेह नमस्कार' असतोच. बाबा, तुम्हाला पुण्यात आल्यासारखं वाटेल.

मंगळवारी 24 तारीख. इथे खरा सण त्याच संध्याकाळी. दुकानं दोनला बंद होतात, पुढे 25 आणि 26 दोन्ही दिवस सुट्टी. मीठ संपलं तरी सत्तावीसपर्यंत अळणी खायचं. दीडच्या सुमारास मी पिल्लूला भरवत होते आणि जिन्यात घसरत-फरफटत काहीतरी वर चाललंय असा आवाज आला. मग फाडकन. मग जर्मन शिवी. ती लिहीत नाही.

दार उघडलं तर समोर फांद्या! हॅम्बुर्गकर अडीच मीटरचं, सुईसारख्या पानांचं, नॉर्डमान जातीचं नाताळचं झाड एकटेच ओढत चालले होते, तेही शेंडा पुढे करून. आमच्या दाराच्या वरच्या वळणावर झाडाभोवती गुंडाळलेली जाळी फाटली, फांद्या छत्रीसारख्या उघडल्या आणि बुंधा कठड्याच्या गजांत रुतला. शेंड्याकडे ते, बुंध्याकडे आम्ही, मधे गच्च हिरवं. आणि नेमक्या त्याच वेळी तळघरातून काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन आजीबाई वर आल्या.

"बुंधा आधी न्यायचा असतो," त्या झाडाला म्हणाल्या. हॅम्बुर्गकरांशी त्या बोलत नाहीत ना.
"आमच्याकडे झाड असंच नेतात," झाड म्हणालं.
"सुया पडल्यात. या आठवड्याची पाटी माझ्या दाराला आहे."
"नॉर्डमानच्या सुया गळत नाहीत!"

हे किती वेळ चाललं असतं देव जाणे. पण आजीबाई एकदम गप्प झाल्या. चेहरा पांढरा. वर शेगडीवर दीड किलो बटाटे उकळत होते आणि पाच मिनिटांत येते म्हणून त्या खाली गेल्या होत्या. इथली दारं ओढली की बंद, बाहेरून फिरवायला मूठच नाही. किल्ली त्यांच्या ॲप्रनच्या खिशात, आणि घर झाडापलीकडे.

झाडापलीकडे माणूस एकच.

आई, त्या क्षणाचा फोटो मी काढायला हवा होता. आजीबाईंनी कोपऱ्यातला केरवोखेचा झाडू उचलला, हो, तोच, ज्याच्या आवाजावरून चिठ्ठ्या झाल्या, आणि त्याच्या दांड्याला किल्ली अडकवून झाडावरून पलीकडे धरली. तोंडानं अवाक्षर नाही. पलीकडून लोकरी मोजा घातलेला एक हात आला आणि किल्ली घेऊन गेला. अकरा वर्षांत त्या माणसानं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

दोन मिनिटांनी वरून आवाज आला, "वाचले! तळाला थोडंसं लागलंय!"
"गरम आहेत तोवर सोला!" आजीबाईंनी हुकूम सोडला. थेट, नाव घेऊन, 'हेर' म्हणजे आपलं 'श्री' लावून!
"मेयोनीज कुठे आहे?"

इथे थांबून सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढची गंमत नाही. नाताळच्या संध्याकाळी इथे घरोघरी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असा साधाच बेत असतो. उत्तरेकडचे लोक त्यात मेयोनीज घालतात. श्वाबी बायका गरम बटाट्याच्या चकत्यांवर गरम रस्सा, व्हिनेगर, तेल, मोहरीची चटणी, कांदा घालतात आणि ढवळताना त्याचा पचपच आवाज आला तरच जमलं म्हणतात. तेव्हा त्या जिन्यात मेयोनीज मागणं म्हणजे आपल्या घरी पुरणपोळीवर टोमॅटो सॉस मागण्यासारखं. आजीबाईंनी लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली आणि झाड दोन्ही हातांनी धरून वर ढकलायलाच सुरुवात केली. वयवर्ष अठ्ठ्याहत्तर!

फांद्या आवळल्याशिवाय ते हलणार नव्हतं. दोरीनं फांद्या मोडल्या असत्या. मग मला तुझी ती निळी सुती साडी आठवली, पिल्लूच्या दुपट्यांसाठी फाडायला दिलेली. (फाडली नव्हती. आणली तेव्हापासून उशाखाली घेऊनच झोपते, आता सांगून टाकते.) तुमच्या जावयाला झाड उचलून धरायला लावलं आणि बुंध्याकडून वर घट्ट गुंडाळत गेले. निऱ्या नाहीत, पण शेवटी पदर बुंध्याखालून मागे नेऊन खोचला, चांगला काष्टा बसला. हॅम्बुर्गकर सोललेला बटाटा हातात घेऊन वरून बघत होते.

"हाऊ रुक!" आजीबाई ओरडल्या. हे इथलं 'हैशा'. वरून ते ओढतायत, खालून त्या ढकलतायत, बुंधा गजांतून सोडवायला जावई आडवे झालेले, मी निऱ्यांच्या जागी लोंबकळतेय. तिसऱ्या हाऊ रुकला झाड सुटलं आणि हॅम्बुर्गकर पायरीवर बसते झाले. बटाटा मात्र सोडला नाही.

समेट झाला असं समजू नका. सहा वाजता आजीबाईंनी आमची घंटा वाजवली. जेवायला या म्हणाल्या, आणि वरच्यांनाही सांगा. स्वतः एक मजला चढून जाणार नाहीत; मी दोन चढून गेले. आजीबाईंचं गणित सरळ होतं. निम्मे बटाटे हॅम्बुर्गकरांनी सोलले, म्हणजे हिशेब लागतो. श्वाबी माणूस कुणाचं देणं ठेवत नाही.

तेही आपलं मेयोनीजचं भांडं काखेत घेऊन आले. टेबलावर दोन सॅलडं समोरासमोर. आजीबाईंनी मुद्दाम चमचा फिरवून पचपच ऐकवली. भेटवस्तू पोरांना कोण आणतो यावर एक फेरी झाली. दक्षिणेत बाळ येशू आणतो, उत्तरेत दाढीवाले बाबा. पिल्लूनं दोघांकडून एकेक चॉकलेट घेतलं आणि विषय मिटवला. मी आपली बटाट्याची पिवळी भाजी नेली होती, हिंग-मोहरी, फ्रीझरमधल्या कढीपत्त्याची. दोघांनी एकेक घास खाल्ला, एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी म्हणाले, "इंटरेसांट." इथे याचा अर्थ 'पुन्हा नको' असा होतो. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही माझ्या जिवावर.

आज सकाळी जिन्यात नवी चिठ्ठी. 'नॉर्डमानच्या सुया गळतात. एकूण 43. सस्नेह नमस्कार.' हॅम्बुर्गकरांच्या पायपुसण्यावर एक पाकीट, त्यात सुया. अक्षर ओळखीचं.

आता माझं काम. तुझी साडी हॅम्बुर्गकरांनी परत दिलीच नाही. झाडाच्या बुंध्याभोवती छान गोल पसरून ठेवली आहे, येईल त्याला दाखवतात. आजीबाई सुया मोजायच्या निमित्तानं वर जाऊन ती बघून आल्या आणि आता त्यांनाही पुढच्या नाताळसाठी एक हवी आहे. वरच्यांच्यापेक्षा लांब, अशी खास ताकीद आहे. म्हणजे नऊवारीच लागणार. आजीची लुगडी तू कुणाला देऊ नकोस. शेजारच्या काकूंकडे ती जांभळी आहे ना, मऊ झालेली, ती मागून बघ. पण शेवग्याच्या फांदीचं तुमचं अजून मिटलं नसेल तर तू जाऊ नकोस, बाबांना पाठव.

सगळ्यांना नमस्कार, पिल्लूकडून पापा.

तुमची,
चिऊ