मॉरिशसहून, ऊस तुटायच्या दिवसांत

ती. आई आणि आप्पा, साष्टांग नमस्कार.

पमे, तू वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

मी मजेत आहे, खरंच. आई, तू टीव्हीवर बघितलंस ते वादळ इथलं नव्हतं, इथं वादळं नोव्हेंबर ते मे, आत्ता थंडी आहे, स्वेटर घालून ऑफिसला जातो. काकूला सांग इथं चांगले रस्ते, दवाखाने सगळं आहे, उगाच काळजी लावून देऊ नका.

जेवतो पोटभर. धॉल पुरी म्हणून मिळते, नाव पुरी पण तळत नाहीत, तव्यावर भाजतात, आपली पुरणपोळीच समज फक्त गूळ नाही, आत शिजवलेल्या डाळीचं कोरडं सारण. पण एक मागितली तर देतच नाहीत! ‘एन् पेर’ म्हणायचं, म्हणजे एक जोडी. दोन एकावर एक ठेवतात, वर वालाची भाजी, टोमॅटोचा रस्सा, मिरचीची चटणी, मग गुंडाळून कागदात. मी पहिल्या दिवशी एकच द्या म्हटलं तर गाडीवाली बघतच राहिली. का म्हणून विचारलं तर एक म्हणाला पातळ असते, फाटली तर दुसरी धरते, दुसरा म्हणाला पहिल्यापासून असंच. आता मीपण जोडीच मागतो.

आप्पा, उसाचं विचारलंत. ऊस भरपूर आहे, पण फडात मधेच काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे. ज्वालामुखीचं बेट, जमीन सगळी दगडी, ते दगड आधी गुलामांनी आणि नंतर आपल्याकडून करारावर आणलेल्या मजुरांनी हातानं वेचून रचलेत. 1834 पासून साडेचार लाखांवर माणसं आली, त्यात रत्नागिरीकडची पण होती. त्यांची पोरंबाळं अजून गणपती बसवतात, त्या दिवशी देशाला सुट्टी असते. पोर्ट लुईस बंदरात ते मजूर जिथं बोटीतून उतरायचे, त्या आप्रवासी घाटाच्या 16 पायऱ्या मी चढलो तेव्हा चप्पल काढावीशी वाटली.

1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साखरेशिवाय यांच्याकडं काही नव्हतं. 1970 ला कायदा करून कपड्याचे कारखाने आणले, बायका शिवणावर गेल्या, साखरेला युरोपात चढा भाव होता तो पैसा उद्योगात, हॉटेलात लागला, 1977 पासून हायस्कूल फुकट केलं. 2009 ला युरोपातल्या त्या भावाची हमी गेली आणि आता साखर कारखाने फक्त 3 राहिलेत, तरी देश उभा आहे. म्हणून म्हणतो आप्पा, सगळी जमीन उसाखाली ठेवू नका, एक एकर तरी मोकळं करा.

पण सगळेच वर आले नाहीत. आमच्या ऑफिसात साफसफाईला एक मावशी येतात, गुलामांच्या वंशातल्या. त्यांच्याकडं गेलो होतो, पत्र्याचं घर, पावसात कोपऱ्यात बादली ठेवलेली, आणि खिळ्याला पोराचा शाळेचा युनिफॉर्म, कडक इस्त्री केलेला. 1835 ला गुलामगिरी गेली तेव्हा भरपाई मालकांना मिळाली, 20 लाख पौंडांच्या वर, राबणाऱ्यांना दमडी नाही. मजुरांतल्या काहींनी पुढं थोडी थोडी जमीन घेतली, यांच्या हाती काहीच नव्हतं, आणि ते अजून भोगतायत. मला त्या रात्री झोप लागली नाही.

बरं, पैसे मंगळवारी टाकलेत. इथला रुपया आपल्या दोनाच्या आसपास, त्यामुळं आकडा बघून कमी वाटला तरी तिकडं बराच होतो. सोसायटीचा हप्ता आधी भरा, उरलेलं पमीच्या दागिन्याला. माझ्या लग्नाचं आत्ता काढू नका, स्थळं बघितलीत ते कळलं, रागावलो नाही, पण पमीचं होऊ दे आधी.

साखरपुड्याला येता येत नाही. रजा मागितली होती आप्पा, दोनदा मागितली. लग्नाला नक्की येतो, तिकीट काढूनच ठेवलंय.

पमे, त्या दिवशी व्हिडिओ कॉल लाव, पण फोन भिंतीला टेकवून ठेवू नकोस, कुणाच्या तरी हातात दे म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतील, आईचं आधी.

तुमचा,
बाळू