मिसळीचं देणं

प्रिय वश्या,

तुझ्या दिवाळीच्या फोनला सात महिने झाले आणि मी गप्प. शिव्या घातल्या असशील, घाल. आम्ही बरे आहोत. माझी शुगर आहे तिथेच, हिचा गुडघा तसाच. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे सगळं सलग सांगायचं आहे.

तू बरोबर होतास. 1998 साली, मेसमध्ये, वस्तू टणक का लागतात या वादात. हे वाक्य नीट वाचून घे, पुन्हा लिहिणार नाही.

झालं असं की परवा अकरावीला मैदानावर नेलं. माझा तो मिरीचा खेळ तुला माहीत आहे, तू त्याला 'तमाशा' म्हणतोस. शंभर मीटरच्या धावपट्टीच्या मधोमध एक मिरी ठेवायची. ही मिरी म्हणजे सोन्याच्या अणूचं केंद्रक. मग अणू केवढा? सुरुवातीच्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत. मध्ये इलेक्ट्रॉन तेवढे, बाकी मोकळं रान. मग रदरफोर्डची गोष्ट. 1909, मँचेस्टर, गायगर आणि विशीतला मार्सडेन काळोखात बसून सूक्ष्मदर्शकातून पडद्यावरच्या ठिणग्या मोजतायत. सोन्याच्या वर्खातून अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धन भाराचे कण, आरपार जातात, पण हजारोंत एखादा उलटा फिरतो. रदरफोर्ड म्हणाला, टिश्यू पेपरवर पंधरा इंची तोफगोळा मारावा आणि तो उलटून आपल्यालाच लागावा, तसं हे. पोरं गप्प होतात. दरवर्षी होतात, आणि मी दरवर्षी खूश होतो. घट्ट, भरीव वाटणारं जग दोन वर्षांत पोकळ निघालं, हे सांगायला मला अजून मजा येते.

यंदा एक पोरगी मिरीशेजारी उकिडवी बसली. तिनं तळहात जमिनीवर ठेवला आणि जोर देऊन दाबला. म्हणाली, "सर, जमीन मोकळी, माझा हातही मोकळा. मग हात आत का जात नाही?"

माझं उत्तर पंचवीस वर्षं तयार आहे. हाताचे इलेक्ट्रॉन ऋण, जमिनीचेही ऋण, सजातीय भार एकमेकांना ढकलतात, पुढचा प्रश्न.

"पण सर, जेवढं ऋण तेवढंच आत धन आहे ना? बाहेरून शून्यच. शून्य शून्याला कशाला ढकलेल?"

वश्या, शब्दन् शब्द तुझा! मला मेसमधल्या त्या पाणचट आमटीचा वास आला. आणि मी काय बोललो असेन? "हे तुमच्या सिलॅबसमध्ये नाही, बेटा." ती "बरं सर" म्हणाली, मिरी उचलली, माती फुंकून माझ्या हातावर ठेवली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

रात्री झोप नाही. आपला तो वाद मी जिंकलो कसा, आठवतं? सरांना मध्ये घातलं. सर म्हणाले, "प्रतिकर्षण लिहा, मार्क मिळतील." झालं. मिसळ मी खाल्ली, पैसे तू दिलेस, आणि आठ दिवस बोलला नाहीस. (तू म्हणतोस अबोला माझ्या चपला घालून गेल्याबद्दल होता. त्या चपला माझ्याच होत्या, तो विषय वेगळा.) तुझं म्हणणं तेव्हा मी ऐकूनही घेतलं नव्हतं. रंकाळ्याहून परत येताना एसटीत तू बाकावर हात आपटून सांगत होतास: दोघांचं बाक, दोघं बसले, संपलं. तिसऱ्याला भांडणच नको, त्याला जागाच नाही. त्यानं वरच्या दांड्याला लटकावं, आणि लटकायला जोर लागतो. तो जोर म्हणजेच फरशी.

पाउली या भौतिकशास्त्रज्ञानं हेच 1925 मध्ये सांगितलं होतं. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन. स्पिन (इलेक्ट्रॉनाचा एक अंगभूत गुण, दोनच प्रकारचा) उलटसुलट धरून एका बाकावर दोन. हात जमिनीला टेकला की दोन्हीकडचे इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत घुसू पाहतात, खालची बाकं भरलेली, म्हणून वरच्या ऊर्जेच्या बाकावर जावं लागतं. ती ऊर्जा आपल्याला 'टणक' म्हणून जाणवते. भारांची ओढाताण त्यात आहेच, नाही असं नाही, पण तिच्या एकटीच्या जोरावर फरशी उभी राहत नाही. हे गणितानं पक्कं करायला 1967 उजाडलं. डायसन आणि लेनार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की पाउलीचा नियम काढला तर पदार्थ स्वतःतच कोसळत जाईल. डायसननं तर लिहून ठेवलंय की मग कुठल्याही दोन वस्तू जवळ आणल्या तरी अणुबॉम्बएवढी ऊर्जा सुटेल. म्हणजे मी वरण-भात कालवला की कोल्हापूर गायब.

1931 मध्ये पाउलीला पदक मिळालं तेव्हा एरेनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञानं भर सभेत त्याची खेचली. दगड इतकी जागा का खातो? तर तुझ्या मनाईमुळे. ती थोडी सैल केलीस तर रस्त्यावरच्या रहदारीचा प्रश्न सुटेल. हे तुझ्या पुण्याच्या जावयाला सांग.

आणि तो चंद्रशेखर! 1930 मध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा मुंबईहून बोटीत बसतो, आणि विझलेले तारे याच 'जागा नाही'च्या जोरावर किती वजन पेलतील याचा हिशोब वाटेतच मांडतो. पुढे आकडा ठरला, सूर्याच्या सुमारे 1.4 पट. त्यापुढे बाकंही मोडतात. माझी फरशी आणि मेलेला तारा एकाच नियमावर उभे आहेत, हे मी पोरांना एकदाही सांगितलं नाही.

खरं लागलं ते पुढेच. सकाळी तिच्या वर्गाचं केमिस्ट्रीचं पुस्तक चाळलं. पाउली तिथे आहे रे! 'एका अणूतल्या कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही क्वांटम नंबर सारखे नसतात.' (क्वांटम नंबर म्हणजे इलेक्ट्रॉनाची अवस्था सांगणारे आकडे.) एका मार्काची व्याख्या, पोरांना तोंडपाठ. सिलॅबसमध्ये नाही म्हणून जे टाळलं, ते शेजारच्या तासाला घोकून घेतलं जातंय. भिंतीच्या पलीकडे, आमच्याच स्टाफरूमच्या बाजूला. पंचवीस बॅचना मी 'ऋण ऋणाला ढकलतं' सांगितलं. त्यातले काही इंजिनिअर झाले, पूल बांधतात. पूल उभे आहेत, तेवढंच.

मला वाटतं तू एम.एस्सी. अर्धं टाकून दुकानावर गेलास तेव्हाच मी हा प्रश्न सोडला. वाद घालायला कोणी उरलं नाही. बरं, तू फरश्या विकतोस आणि त्या का धरतात हे तुलाच कळत होतं, यावर मी काल एकटाच हसलो. ही उठून बघून गेली.

चिमीचं ठरलं ते दादूकडून कळलं, आनंद झाला, तारीख कळव. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? दुकानाची वरची माडी भाड्यानं देऊ नकोस, पस्तावशील.

आता मुद्दा. सोमवारी त्या पोरीचा तास आहे. चुकलो असं सगळ्या वर्गासमोर म्हणू, की तिला एकटीला बाजूला बोलावून सांगू? आणि एसटीचं उदाहरण वापरू का? तुझं आहे, म्हणून विचारतोय. रविवारच्या आत कळव. फोन केलास तरी चालेल, आधी मला बोलू दे.

तुझा,
बंड्या

ता. क. मिसळीचे पैसे चिमीच्या आहेरात टाकणार नाही. कोल्हापूरला ये, तिथेच फेडतो. मिरी शर्टाच्या खिशातच राहिली आणि हिनं शर्ट धुवायला टाकला. मिरी साबूत आहे.