जनुके तीच, अभिव्यक्ती वेगळी

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत मानवी भ्रूणजन्य मूलपेशींवर, म्हणजे ज्यांपासून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकते अशा पेशींवर, आलेला लेख एरवी सुबोध होता. मात्र ‘मूलपेशीची चेतापेशी होताना तिची जनुके बदलतात’ हे त्यातील वाक्य चुकीचे आहे आणि नेमके तेच चौकटीत ठळक छापले गेले आहे.

जनुके बदलत नाहीत. आपल्या डीएनएची फेरमांडणी करणाऱ्या काही प्रतिकारपेशी, केंद्रकच टाकून देणाऱ्या तांबड्या रक्तपेशी असे मोजके अपवाद सोडले, तर त्वचेच्या पेशीत काय नि यकृताच्या पेशीत काय, प्रथिनांची माहिती देणारी सुमारे २०,००० जनुके तीच असतात. बदलते ती त्यांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणत्या जनुकावरून आरएनएच्या प्रती निघतात आणि किती निघतात.

पुढे, मूलपेशीचे मूलपेशीपण टिकवणाऱ्या जनुकांविषयी ‘ऑक्ट४, सॉक्स२ आणि नॅनॉग ही जनुके बंद होतात’ असे म्हटले आहे. पहिल्या आणि तिसऱ्याबाबत ते ढोबळमानाने खरे आहे. सॉक्स२ मात्र चेतापेशींच्या पूर्वज पेशींत चालूच राहते, त्यामुळे लेखकांनी निवडलेल्या उदाहरणातच त्यांचे विधान अडते. शिवाय हा मामला नुसता बंद-चालूचा नाही. अ‍ॅक्टिव्हिन हे संकेत देणारे प्रथिन देऊन मूलपेशींना अंतःस्तराकडे (भ्रूणाच्या ज्या थरातून यकृत, आतड्याचे अस्तर वगैरे बनते तिकडे) वळवले की ब्रॅकियुरी हे जनुक पहिल्या एक-दोन दिवसांत जागे होते आणि लगेच ओसरते. सॉक्स१७ त्यामागून वर येते. ज्याने फक्त पहिली आणि शेवटची अवस्था मोजली, त्याला ब्रॅकियुरी येऊन गेल्याचा पत्ताही लागणार नाही. विकासाशी संबंधित अनेक जनुके तर मूलपेशीत आधीपासून दबा धरून बसलेली असतात: त्यांच्याजवळच्या हिस्टोन प्रथिनांवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर) चालना देणारी आणि दडपणारी अशा दोन्ही खुणा एकाच वेळी आढळतात, आणि पेशीची दिशा ठरू लागली की त्यांतली एक बहुधा पुसली जाते.

हा शब्दांचा काथ्याकूट नव्हे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले. ती चार बाहेरून आणली होती हे खरे, पण बाकीची हजारो पेशीतच शाबूत होती, म्हणून परतीची वाट सापडली.

उपचारांसाठी तयार केलेल्या पेशींत ऑक्ट४ची अभिव्यक्ती उरली आहे का, हे तपासले जाते, कारण मूलपेशी तशाच राहून गेल्या तर त्यांपासून टेराटोमा ही गाठ होऊ शकते. चौकटीतले वाक्य वाचणाऱ्याचा मात्र असा समज होईल की या पेशींच्या जनुकांतच फेरफार केलेला असतो. तेव्हा पुढील पुरवणीत, त्याच आकाराच्या चौकटीत, ‘जनुकांची अभिव्यक्ती बदलते’ अशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक