मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : खरं लिहिलं म्हणून तिला संघाबाहेर काढलं

माननीय क्रीडामंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. दोन वर्षांपूर्वी खेळाडूंच्या स्वास्थ्य प्रकल्पाचं उद्घाटन आपल्या हस्ते झालं, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. खेळाडू जी माहिती देतील ती त्यांच्या आणि तज्ज्ञांच्या बाहेर जाणार नाही, असं आपण व्यासपीठावरून सांगितलंत. मी टाळ्या वाजवल्या. त्या शब्दावर विसंबून मी ३८ मुलामुलींना सांगितलं, निर्धास्तपणे खरं लिहा.

गेल्या सोमवारी रात्री साडेदहाला त्यांच्यातल्या एकीचा फोन आला. "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, खरं लिही म्हणून?" पुढे तिला बोलता येईना. तिचं नाव अंतिम संघातून गेलं होतं. निवड समितीच्या टेबलावर तिने रोज सकाळी भरलेले झोप-थकव्याचे फॉर्म पडले होते. शेरा होता, 'मनाने कमकुवत'.

मी स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दमसास घडवण्याचं शास्त्र, शिकवते. १९ वर्षं झाली. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे स्क्वॉट मारून घेणं आणि बारबेलवर वजन चढवत नेणं. खरं काम त्याच्या उलट्या बाजूला असतं. आज या शरीराला किती झेपेल, हे ओळखायचं आणि नसेल झेपणार तर थांबवायचं. त्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आज किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ७ आणि ९० मिनिटं, म्हणजे ६३०. क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत जगभर चालते. सकाळी चार गोष्टी विचारायच्या : झोप, थकवा, ताण, स्नायूंचं दुखणं. १ म्हणजे उत्तम, ७ म्हणजे अगदी वाईट. हूपर आणि मॅकिनन या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेली ही मोजणी आम्ही वापरत होतो. पुढे २०१६ च्या एका मोठ्या शास्त्रीय आढाव्यात दिसलं की सरावाचा ताण ओळखायला खेळाडूचं स्वतःचं सांगणं रक्ताच्या चाचण्या आणि हृदयाच्या ठोक्यांपेक्षा सरस ठरतं. मात्र त्याला एकच अट आहे. खेळाडूला खोटं बोलण्याची गरज पडता कामा नये.

या मुलीने झोपेपुढे ६ लिहिलं, थकव्यापुढे ६. वेगळ्या चिठ्ठीत मला कळवलं की तीन महिने पाळी आलेली नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला नाव दिलं आहे. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर ऊर्जा वाचवायला लागतं, पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात. मी लेखी कळवलं होतं : सराव हलका करा, आहार वाढवा, हाडांची तपासणी करा. तिन्हीपैकी काहीच झालं नाही. चिठ्ठी मात्र पोचली, जिथे पोचायला नको होती तिथे. एका मुलीच्या पाळीची चर्चा पाच पुरुषांनी टेबलाभोवती बसून केली. महोदय, याला आपण काय म्हणाल?

मला त्या रात्रीपासून झोप नाही. मी स्वतः धावपटू होते. विसाव्या वर्षी पायाच्या हाडाला बारीक तडा गेला असताना मी तीन आठवडे धावले, कारण सांगितलं असतं तर जागा गेली असती. पुन्हा कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून मी या विषयात पीएच.डी. केली. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटांवर काम केलं. प्रत्येक वर्षी नव्याने मुलाखत दिली, मानधन सहा-सहा महिने थकलं, आई रुग्णालयात असताना मी शिबिरात नोंदी भरत होते. १४ महिन्यांत जवळपास १५ हजार नोंदी झाल्या. एका बैठकीत त्याची किंमत शून्य झाली.

हे एका समितीचं पाप आहे असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. निधी पदकांवर मिळतो, प्रशिक्षकाची नोकरी पदकांवर टिकते, म्हणून दुखणं सांगणारा खेळाडू सगळ्यांनाच अडचणीचा वाटतो. लाखोंची यंत्रं खरेदी होतात, ती चालवणाऱ्या माणसाची जागा भरली जात नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन महाविद्यालयीन कुस्तीपटू वजनगटात बसण्यासाठी अंगाचं वजन घटवताना मरण पावले, त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढायच्या सॉना (तापवलेल्या खोल्या) आणि रबरी सूटवर बंदी आली. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने माघार घेतली, तेव्हा कुठे जगाला कळलं की मनाचा तोल गेला तर हवेत शरीराचाही जातो. आपण कशाची वाट पाहतो आहोत? आपल्याला किती मुलं हवी आहेत?

माझी मागणी मोठी नाही. खेळाडूंची स्वास्थ्याची माहिती निवड समितीला दाखवणं हा गुन्हा ठरवा, तसा लेखी नियम काढा. ही माहिती हाताळणारा माणूस संघ निवडणाऱ्यांच्या हाताखाली नसावा. आणि त्या मुलीची वैद्यकीय तपासणी या आठवड्यात करा. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतं, ते वाढवू नका म्हटलंत तरी चालेल.

मंगळवारपासून ३७ फॉर्म येत आहेत. सगळ्यांची झोप १, थकवा १, ताण १, दुखणं १. परवा ज्या मुलाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढली गेली आणि जो माझ्यासमोर लंगडत जिममधून बाहेर गेला, त्याच्याही फॉर्मवर १.

कळावे,
एक क्रीडाशास्त्र शिक्षिका