माहिती सुरक्षेचे शिक्षण सांगलीत द्या

स. न. वि. वि.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात २२ वर्षे दिवाणजी आहे. गेल्या दिवाळीआधी कुणीतरी आमच्या ई-मेलसारखाच, एकाच अक्षराचा फरक असलेला पत्ता तयार करून परगावच्या खरेदीदाराला ‘आमचे बँक खाते बदलले’ असे कळवले. पैसे भलत्याच खात्यात गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी समजले. तोवर पाखरू उडाले होते. कॉम्प्युटरवाला म्हणाला, अँटिव्हायरस टाका. त्याने काय होणार? खाते बदलल्याचा निरोप आला की जुन्या नंबरवर फोन लावून खात्री करायची, एवढा साधा नियम दोन्हीकडे कुणी घातला नव्हता.

मुलगी बीसीए झाली. तिला माहिती सुरक्षा व्यवस्थापनात एमएस्सी करायचे आहे. मला वाटे, हे हॅकरच्या मागे धावण्याचे काम. ती सांगते, निम्मे काम माणसांचे आणि कागदांचे असते: जोखीम ओळखणे, आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कामाची घडी बसवणे, २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार संस्थांना सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते म्हणे. आम्ही तीन दिवस एकमेकांची तोंडे बघत बसलो होतो!

इथल्या दोन कॉलेजांत चौकशी केली. सायबर सुरक्षेचा एकच पेपर. पुण्याचे खोलीभाडे आणि मेस माझ्या पगारात बसत नाही. पतसंस्था, साखर कारखाने, दवाखाने सगळे ऑनलाइन झालेत. कॉलेजांनी निदान संध्याकाळची बॅच काढावी. पतसंस्थांतली नोकरदार मुलेही येतील.

– एक दिवाणजी, सांगली