चिनी शिकणाऱ्यांना आकारावरून टंकनही शिकवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेतील काही विद्यार्थी सध्या ऑनलाइन वर्गांतून चिनी भाषा शिकत आहेत. त्यांतले काही जण माझ्याकडे टंकलेखनाच्या सरावाला येतात. त्यांचे चिनी टंकन पाहिल्यावर एक बाब जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते. त्यांना फक्त पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतून उच्चार देण्याची पद्धत शिकवलेली असते. ‘शि’ हा उच्चार दिला की त्याच उच्चाराच्या अक्षरांची लांबलचक यादी पडद्यावर येते आणि विद्यार्थी त्यातून हवे ते अक्षर ओळखून पुढे जातो. तेच अक्षर वहीत काढायला सांगितले, तर अर्धे आठवते आणि हात थांबतो. हाताने लिहिताना अक्षरे विसरण्याची तक्रार खुद्द चीनमध्येही आहे.

यावर आकारावर आधारलेली त्सांगजिए पद्धत उपयोगी पडेल, असे ती स्वतः शिकत असताना मला मनापासून वाटते. तैवानमध्ये चू बांग-फू यांनी १९७६ साली ती तयार केली आणि १९८२ साली पेटंटचा हक्क सोडून ती सर्वांसाठी खुली केली. विंडोजमध्येही ती उपलब्ध आहे. या पद्धतीत उच्चार माहीत नसला तरी चालते; अक्षराचे अवयव मात्र दिसावे लागतात. २४ कळांवर २४ मूळ चिन्हे असून त्यांपैकी ए ते जी या कळांवर सूर्य, चंद्र, धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती अशी मांडणी आहे. ‘तेजस्वी’ या अर्थाच्या अक्षरात सूर्य आणि चंद्र शेजारी असतात, म्हणून ए आणि बी एवढ्या दोनच कळा पुरतात. ‘वन’ या अर्थाच्या अक्षरासाठी लाकडाची डी ही कळ दोनदा दाबायची. ‘चांगले’ या अर्थाच्या अक्षरात स्त्री आणि मूल आहेत. स्त्रीची कळ व्ही. मुलाला मात्र स्वतंत्र कळ नाही, म्हणून त्याचा आकार धनुष्याची एन आणि लाकडाची डी असा तोडावा लागतो, कारण प्रत्येक कळीवर मूळ चिन्हाबरोबर त्याची पोटरूपे, म्हणजे त्याच्याशी मिळतेजुळते इतर आकारही बसवलेले आहेत. इथेच नवखा अडखळतो, पण अक्षराकडे नीट पाहायलाही तो इथेच शिकतो.

कोणत्याही अक्षराला पाचपेक्षा जास्त कळा लागत नाहीत. गुंतागुंतीच्या अक्षराचे शीर्ष आणि धड असे दोन भाग करून शीर्षाला जास्तीत जास्त दोन आणि धडाला तीन कळा देतात.

पद्धत सोपी आहे, असे मी म्हणणार नाही. नियमांना अपवाद आहेत आणि कठीण आकारांसाठी एक्स ही कळ वेगळी ठेवावी लागली आहे. शिवाय सूर्याचे संपूर्ण चिन्ह एकाच कळीवर असल्याने रेघांचा क्रम तिच्यातून कळत नाही. त्यासाठी वही हवीच. ही पद्धत मुळात तैवान-हाँगकाँगमधील पारंपरिक अक्षरांसाठी घडली. चीनमध्ये आकारावरील टंकनासाठी वांग योंगमिन यांची १९८३ सालची वुबी पद्धत रुजली असून तिच्यात एका अक्षराला चारच कळा पुरतात, परंतु अवयव शंभराहून अधिक पाठ करावे लागतात. सुरुवात त्सांगजिएनेच व्हावी, असे माझे मत आहे; तिच्यातून चीनमध्ये वापरली जाणारी सरलीकृत, म्हणजे कमी रेघांची अक्षरेही टंकित करता येतात.

जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना हे परके वाटू नये, कारण तिथेही काही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांनीच पूर्ण होत असत.

चिनीच्या शिक्षकांनी शिकवून झालेल्या अक्षरांचे अवयव त्याच तासाला कळफलकावर दाखवावेत आणि परीक्षेच्या तयारीत उच्चारावरील टंकनाबरोबर आकारावरील टंकनालाही जागा द्यावी. शहरातील ग्रंथालयांनी या २४ कळांचा एखादा मोठा तक्ता परकीय भाषांच्या कपाटाशेजारी लावावा. माझ्या वर्गात येणाऱ्या चिनीच्या विद्यार्थ्यांना हा सराव विनाशुल्क देण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक टंकलेखन शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली