सरदार जेम्स डग्लसचेही स्मरण व्हावे

संपादक महोदय,

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्ययुद्धाविषयी मराठीत लिहिले जाते, तेव्हा विल्यम वॉलेस आणि राजा रॉबर्ट ब्रूस यांच्यापलीकडे लेखणी सहसा जात नाही, याची खंत वाटते. ब्रूसचा निष्ठावान सरदार जेम्स डग्लस याचे चरित्रही तितकेच मोलाचे आहे. वडील लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत वारले आणि इंग्लंडच्या राजाने घराण्याची जहागीर रॉबर्ट क्लिफर्डला देऊन टाकली, तेव्हा वतन गमावलेला हा तरुण १३०६ मध्ये ब्रूसला जाऊन मिळाला. १३१४ च्या फेब्रुवारीत, शिबंदी सणाच्या मेजवानीत दंग असताना, त्याची माणसे गडद वस्त्रे पांघरून गुरांसारखी रांगत रॉक्सबर्ग किल्ल्याच्या तटाशी पोहोचली आणि दोराच्या शिड्या लावून त्यांनी तो सर केला. ब्रूसच्या अंतिम इच्छेनुसार त्याचे हृदय डबीत जपून निघालेला डग्लस १३३० मध्ये स्पेनमधील तेबा येथे लढताना पडला. त्याचा मुलगा विल्यम तीनच वर्षांनी हॅलिडन हिलच्या लढाईत कामी आला. अनौरस पुत्र आर्चिबाल्ड मात्र पुढे अर्ल ऑफ डग्लस झाला. या घराण्यावर आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही विनंती.

— एक वाचक, सातारा